गार पडलोय, मेलो नाही

मी एक जुना रबरी पुतळा आहे, आणि माझी नोकरीच अशी की आजवर साधारण चार हजार वेळा मेलो आहे. मित्रांनो, एवढ्या वेळा मरून वर तुमच्याशी गप्पा मारतोय, म्हणजे मी मरणाला भीक घालत नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका बाईंनी माझ्या छातीत जाड स्प्रिंग बसवली, दुसरीने हातापायांत वाळू भरली आणि तिसरीने तोंड रंगवलं. तिला त्या दिवशी घरी जायची घाई असावी, कारण माझी एक भुवई कायमची वर राहिली. त्यामुळे मी कितीही मेलेला असलो, तरी "बरं, मग पुढे?" असं विचारतोय असंच वाटतं.

तिथून मी वैद्यकीय महाविद्यालयात आलो आणि मुलांचा मामा झालो. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याचं रक्त फिरतं कसं ठेवायचं, ते मुलं माझ्यावर शिकत. बहुतेकांची माझी भेट परीक्षेपुरती. पण एक टोळी निराळी होती. त्यांना बर्फावर, वाळवंटात, भर समुद्रातल्या बोटीवर, म्हणजे जिथे दवाखाना म्हणून काही नाही तिथे डॉक्टरकी करायची होती. त्या पोरांनी मला तळ्यात बुडवलं, टेकडीवर ओढत नेलं. एकदा वाळूत पुरलं आणि डबे खायला गेली. परत आल्यावर मामाला नक्की कुठे पुरलंय, ते एकालाही आठवेना! रागावलो नाही. कपाटात धूळ खाण्यापेक्षा वाळू खाल्लेली बरी.

या टोळीत एक मुलगी होती. उंची एवढीशी, म्हणून सगळे तिला वीतभर म्हणायचे. लांब बर्फाळ प्रदेशात संशोधकांचं एक ठाणं आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली दर वर्षी दोनच विद्यार्थी घेत. आदल्या वर्षी हिला 'ताकद कमी पडेल' म्हणून नाकारलं होतं आणि ही तिची शेवटची संधी होती. रोज दुपारी ती मला ठेवायच्या भांडारात येऊन माझी छाती दाबायची. मध्येच आईचा फोन यायचा. फोन माझ्या पोटावर ठेवून ती दाबता दाबताच बोलायची.

"अगं, घरात फ्रीज उघडला तरी शिंकतेस तू! बर्फात कशाला तडमडायला जातेस?"

"आई, तिथे फ्रीजच नसतो."

निवडीची चाचणी वाटाण्याच्या शीतगृहात झाली. उणे अठरा तापमान, चहूकडे पोत्यांच्या थप्प्या आणि मध्ये मी, आडवा. माझ्या छातीवर कार्ड होतं: बर्फात सापडलेला माणूस, नाडी लागत नाही, अंगाचं तापमान चोवीस, मदत दोन तासांवर. दोघादोघांनी आळीपाळीने दाबायचं. पहिल्या तीन जोड्यांनी अर्धा तास दाबलं, परीक्षकांनी "पुरे" म्हणताच घड्याळ पाहून मृत्यूची वेळ लिहिली आणि चहाला पळाल्या.

चौथी जोडी वीतभर आणि तिचा लंबूटांग जोडीदार शिडी यांची. अर्धा तास झाला. परीक्षक मफलरमधून म्हणाले, "पुरे. वेळ लिहा."

"नाही सर," वीतभर दाबतच म्हणाली. "अंग चोवीसवर आहे. इतक्या गार माणसाचं हृदय थांबलं, तरी तो परत येऊ शकतो. ऊब देऊन बघितल्याशिवाय मेला म्हणता येत नाही."

"बाई गं, बाहेर अजून दोन जोड्या उभ्या आहेत. माझे गुडघे गेलेत या थंडीने!"

"तुम्ही बाहेर बसा ना सर. आम्ही करतो."

शिडी तिच्या कानाशी पुटपुटला, "अगं, गुण कापतील."

"कापू देत. तुझी पाळी. सरक!"

दोन मिनिटं ती, दोन मिनिटं तो. भुवया पांढऱ्या झाल्या, नाकं वाहू लागली. तासाभराने माझ्या छातीत काडकन आवाज झाला. स्प्रिंग तुटली होती. छाती आत गेली ती वर येईना.

"पुतळाच मोडला," परीक्षकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "आता तरी थांबशील?"

"पुतळा मोडलाय, सर. पेशंट नाही मोडला."

शिडीने आपला स्कार्फ काढून घडी घातली, माझ्या कातडीखाली कोंबली आणि दोघं पुन्हा सुरू. मदत यायची ते दोन तास पूर्ण होईपर्यंत कुणी थांबलं नाही. मित्रांनो, चार हजार वेळा मेलो, पण माझं मरण असं ठणकावून नाकारणारी पोर मी पहिल्यांदा पाहिली.

परीक्षकांनी तिच्या कागदावर शेरा मारला: 'थांब म्हटलं तरी थांबत नाही.' गुण कापले. यादीत ती तिसरी आली आणि जागा तर दोनच.

चार दिवसांनी ठाण्यावरच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. बर्फाने त्यांच्या दोन बोटांची पेरं नेलेली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी कागद चाळले आणि त्या शेऱ्यापाशी थबकल्या.

"हे हिच्याविरुद्ध लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

परीक्षक म्हणाले, "अर्थात."

"मला तिथे असलंच माणूस हवंय. हिला सामान बांधायला सांगा. लोकरीचे मोजे जास्त घे म्हणावं."

वीतभर गेली. मला मात्र भांडारवाल्या काकांनी कोपऱ्यात उभं करून गळ्यात चिठ्ठी अडकवली आहे: निकामी. का, तर स्प्रिंग तुटली! अहो, नवी बसवायला फार तर अर्धा तास लागेल. माझे हातपाय जड आहेत, म्हणजे स्ट्रेचरवर उचलायच्या सरावाला मी आजही चालेन. पण नीट हात लावून बघतोय कोण? बघण्यापेक्षा लिहिणं सोपं.

मित्रांनो, माणूस असो, जनावर असो की माझ्यासारखा रबरी मामा, गार पडला म्हणून घड्याळ बघून मोकळे होऊ नका. आधी ऊब द्या. दमलात तर शेजारच्याला पाळी द्या, पण छातीवरचे हात काढू नका. कुणी मोठ्या माणसाने "पुरे" म्हटलं, तर अदबीने "नाही" म्हणायला शिका.

आणि ही गळ्यातली चिठ्ठी? ती त्यांनी लिहिली आहे. मी काही तिच्यावर सही केलेली नाही.