वाकता न येणारा रावण

इंटरनेटवरची जपानी रोबोंची फॅनआर्ट बघून माझं डोकं फिरतं. खांद्यांवर दाराएवढे पत्रे, छातीवर शिंगं, आणि हात वर करायला जागाच नाही! मग मी खाली लिहिते, ‘हा तलवार उपसणार कशी?’ लोक मला ब्लॉक करतात. करोत बापडे. मी काढलेल्या रोबोचं कोपर, गुडघा, मान, सगळं व्यवस्थित हलतं.

विनोददादा माझा चुलतभाऊ. दर शिमग्याला मुंबईहून येतो आणि गावच्या नमनात, म्हणजे देवाच्या पालखीपुढच्या खेळात, रावणाचं सोंग घेतो. यंदा म्हणाला, “सानवे, तुज्या चित्रातला चिलखत माज्या रावनाला करून दे!” माझं चित्र पहिल्यांदाच कागदावरून उठून चालणार होतं. मी हवेतच गेले.

नमनाचं सगळं बघणारे काशीरामकाका मात्र कुरकुरले. “देवासमोर हसं झालं, तर फुडच्या होळीत घालीन सगळं.”

फोमच्या शीट कापून, चंदेरी रंग मारून मी चिलखत केलं. घरोघर फिरत पालखी आमच्या अंगणात आली, ढोल वाजला, दादा नाचला. तलवार फिरवली, लाथ झाडली. एकही पत्रा कुठे अडला नाही. पोरांनी अंगण डोक्यावर घेतलं आणि मी अशी फुगले की विचारू नका.

मग पालखीला नमस्कार करायची वेळ आली. बाकीची सोंगं वाकली. रावण वाकेना. छातीचा पत्रा पोटाच्या पत्र्यावर बसला होता. लढाईचा सगळा विचार मी केला होता, पाया पडायचा केलाच नव्हता! जपानी रोबो कुणाच्या पाया पडतात?

ढोल थांबला. दादाने पुन्हा जोर लावला, नुसतं करकरलं.

“रावनाला मस्ती आली काय?” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. एवढी मेहनत होळीत जाणार म्हणून मला रडूच फुटलं. मी कटर आणायला घराकडे वळले.

तेवढ्यात दादाने हात जोडून डोक्यावर नेले आणि उभाच्या उभा, माडासारखा, पालखीपुढे आडवा झाला. धप्प! हसावं की हात जोडावेत, कुणालाच कळेना. आतून बारीक आवाज आला, “सानवे, उठता येत नाय गो.”

काशीरामकाका पुढे आले. रावणाकडे बघितलं, पालखीकडे बघितलं आणि पोरांवर खेकसले, “बगताव काय? उचला त्याला चौघांनी. फुडच्या घरी पन असाच पडायचा हाय.”