फळ्यावरचे 'सर्व' आणि 'काही'

मी फळा बोलतोय. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाचा लाकडी फळा. अचलपूरच्या सुताराने मला घडवलं आणि एसटीच्या टपावर बांधून इथे आणलं.

माझे खरे दिवस सुरू झाले ते साधना मॅडम आल्यावर. त्या तर्कशास्त्र शिकवायच्या. पोरं घरी, बाजारात ऐकलेलं एखादं वाक्य आणायची. मॅडम ते माझ्यावर लिहायच्या आणि चार साच्यांपैकी एकात बसवायला सांगायच्या: सर्व अमुक तमुक आहेत, एकही अमुक तमुक नाही, काही अमुक तमुक आहेत, काही अमुक तमुक नाहीत.

"आपण बोलतो ढगळ," त्या म्हणायच्या. "साच्यात घातलं की नेमकं काय बोललो ते कळतं."

एकदा कुणीतरी वाक्य आणलं, 'अकोल्यात उन्हाळ्यात कोणी दुपारी बाहेर पडत नाही.' साचा झाला, 'अकोल्यातला एकही माणूस उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडणारा नाही.' लगेच देवानंद उठला. "मॅडम, माहा बाप तर भर उन्हात टरबुजं विकते!" वर्ग खदखदून हसला. त्या हसण्याने माझ्यावरची खडूची भुकटीसुद्धा उडाली असेल.

शेवटच्या बाकावर मोनाली बसायची. बाळापूरकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. थोरला भाऊ कुलदीप सायन्सला, ही आर्ट्सला. वर्गात कधी तोंड उघडायची नाही.

पालकसभेला तिचे वडील वामनराव तिच्यासोबत आले. मॅडम तिच्या वहीतल्या उत्तरांचं कौतुक करू लागल्या तसं ते म्हणाले, "मॅडम, हुशार पोट्टेच सायन्सले जातेत. आमचा कुलदीप गेला. इले काहून शिकवाचं? पुढच्या वर्षी घरीच ठेवतो."

मोनालीची मान खाली गेली. मॅडमनी तिच्या हातात खडू दिला. "बाबांचं वाक्य लिही. मग साच्यात घाल."

तिने वाक्य उतरवलं आणि खाली लिहिलं, 'एकही आर्ट्सवाला हुशार नाही.' मग थांबली. बाबांचं वाक्य पुन्हा वाचलं. आपलं तळहाताने पुसलं आणि लिहिलं, 'सर्व सायन्सवाले हुशार आहेत.'

"बाबा, तुमच्या वाक्यात मी नाहीच," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"सायन्सले जाते तो हुशार, एवढंच तुमी बोलले. आर्ट्सवाले हुशार नाहीत, असं त्यात कुठंच नाही."

वामनरावांनी ओठ हलवत दोनदा वाचलं. "मंग तुह्याबद्दल काय लिहाचं?"

"ते मले लिहू द्या."

"बरं," ते म्हणाले, "शिक मंग." जूनमध्ये मोनाली बारावीच्या वर्गात होती. पुढे अमरावतीला एम.ए. करायला गेली.

मॅडम निवृत्त झाल्या. मुलं मिळेनात म्हणून तर्कशास्त्र बंद पडलं. माझ्या जागी विजेवर चालणारा काचेचा पडदा आला. मी आता कँटीनच्या भिंतीला टेकून आहे. कँटीनवाला धर्मेंद्र माझ्यावर रोज पोहे, समोसा लिहितो. कोपरा तडकलाय, फार दिवस टिकेन असं वाटत नाही. मागणं एकच. माणसांबद्दल 'सगळे' म्हणण्याआधी जरा थांबत जा.

परवा दोन मुली माझ्याजवळ चहा घेत होत्या. एक वैतागून म्हणाली, "सारेच पोट्टे खोटारडे असतेत."

दुसरीने विचारलं, "सारेच?"

पहिली घुटका घेता घेता थांबली. "नाही वं... काही."

मला फार बरं वाटलं.