एक जूनचा जन्म

उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन परशराम दिवटेनं डावा कान पकडला आणि तो घरच्या मागाच्या खोलीत तसाच उभा राहिला. जिल्हा न्यायाधीश माणूस. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, शर्टावर सुताचा भुगा.

"ऱ्हा तसाच," त्याची बहीण जयवंता म्हणाली. "भरमाआप्पा, बघा. पोचतोय का न्हाय?"

"आता पोचणारच की," शेजारचे म्हातारे विणकर भरमाआप्पा म्हणाले. "साठीच्या माणसाचा न पोचायला काय झालं."

"साठ न्हाय, अठ्ठावन्न. तिथंच तर घोडं अडलंय."

घोडं खरोखरच तिथं अडलं होतं. कागदावर परशरामचा जन्म एक जूनचा. शहापुरातल्या त्या बोळात निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली होती, कारण जन्मतारीख विचारली की आईबाप 'पाटलाची म्हस मेली तवा' असलं काहीतरी सांगायचे आणि मास्तर शांतपणे एक जून लिहायचे. त्यामुळे दर एकतीस मेला बोळात निवृत्तीच्या शालींची टंचाई पडे. मागच्या वर्षी तर एकच शाल तिघांच्या खांद्यांवरून फिरून दुकानात परत गेली होती.

वर्षाचाही तोच प्रकार. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं, शाळेत घ्या. परशरामचा चौथ्या वर्षीच पोचला. हात लांब म्हणून, असं घरात सगळे सांगत. त्यावर 'कायद्याचे हात' हा विनोद प्रत्येक सत्कारात होई आणि परशराम तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे.

पण जिल्हा न्यायाधीशानं साठीला खुर्ची सोडायची असते आणि नऊ दिवसांनी तो ती दोन वर्षं लवकर सोडणार होता. हे जड जातंय असं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. जयवंतानं ओळखलं होतं. सकाळी नळावर दोन बायका भांडत होत्या. परशरामनं खिडकीत उभं राहून एकीची बाजू पूर्ण ऐकली, आणि दुसरी आपली बाजू मांडायच्या आत घागर उचलून निघून गेली, तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

म्हणून करंट जाऊन माग थांबल्याबरोबर तिनं भरमाआप्पांना बोलावून आणलं होतं. आता तिनं कमरेची कागदाची घडी काढली.

"अर्ज हाय. बेंगळूरच्या हायकोर्टातल्या मोठ्या जज्जसाहेबास्नी. साक्षीला भरमाआप्पा."

परशरामनं कान सोडला. "आक्का, जन्मतारीख बदलायचे अर्ज नोकरीच्या सुरुवातीलाच करायचे असतात. शेवटी शेवटी आलेले मीच फेटाळलेत. एका शिपायाचा, एका मास्तरांचा. मास्तर रडले होते."

"मग त्येंचाच तळतळाट लागला असंल. साक्ष तरी ऐकशील?"

साक्ष ऐकायला तो नाही म्हणू शकत नव्हता. सवय होती. तो स्टुलावर बसला. भरमाआप्पा सुताच्या कांड्यांच्या पेटीवर बसले आणि कुणी न सांगताच त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"माझ्या जोतिबाला शाळेत घालायला गेलतो. तुमचा बा मागावर होता, तवा जयवंतानं तुला आणलं. मास्तर म्हणले, हात घे. तू घेतलास."

"पोचला?"

"न्हाय. चार बोटं कमी पडला."

परशराम स्टुलावर पुढं सरकला. "कमी पडला? मग शाळेत घेतलं कसं?"

भरमाआप्पांनी जयवंताकडं बघितलं. साक्षीदार दुसऱ्याकडं बघतो तेव्हा पुढचा प्रश्न कुणाला विचारायचा, हे परशरामला तीस वर्षांत चांगलं समजलं होतं. तो जयवंताकडं वळला. जयवंता हातातल्या कांडीचं सूत उगाच उलगडत राहिली.

"मास्तर हजेरीच्या वहीत बघत हुते," ती म्हणाली. "मी मागनं तुझं डोस्कं खाली दाबलं. मग पोचला."

"का गं?"

"तू घरात ऱ्हायलास की तुला सांभाळाय मीबी घरात. बा म्हणलता, परश्या शाळंत जाईल तवाच तू जा. मी नऊ वर्षांची हुते रं. आणि दोन वर्षं थांबले असते तर कांड्या भराय बसवलं असतं मला. चौथीपत्तोर गेले, तुझा हात धरून." सूत आता गुंतलं होतं. "माझ्यापायी तुझी दोन वर्षं गेली. झोप लागंना झालीया."

परशरामनं आपल्या हातांकडं पाहिलं. साधारण लांबीचे होते. इतक्या वर्षांत कुणी मापलेच नव्हते.

त्यानं अर्ज उघडला. वहीचा रेघी कागद, अक्षर मोठं, ओळी मागावरच्या ताण्याच्या धाग्यांसारख्या सरळ. शेवटी लिहिलं होतं : चूक माझी आहे, भावाची नाही. शिक्षा मला करावी.

"कुणी लिहून दिला?"

"कोण देतंय? मीच लिवला."

त्यानं अर्ज पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. कोर्टात तो इतका वेळ घेई तेव्हा दोन्ही वकील घाबरत.

"फेटाळला," तो म्हणाला.

जयवंतानं मान हलवली. डोळ्यांना पदर लावला नाही, पण पदर हातात घेतला.

परशरामनं कागद उलटा केला आणि खिशातलं पेन तिच्यापुढं धरलं. "माझा टायपिस्ट इथं नाही. निकाल तूच लिही."

ती खाली बसली. मांडीवर एक फळी घेऊन तिच्यावर कागद ठेवला.

"अर्ज मुदतीबाहेरचा आहे, म्हणून नामंजूर."

तिनं लिहिलं. बाहेर करंट आला, शेजारचे माग खडखडायला लागले. इथं मागाच्या बटणाकडं कुणी गेलं नाही.

"पुढं लिही. अर्जदार जयवंता हिनं शाळेत जाण्यासाठी जे केलं, ते योग्य केलं. भावाची काही तक्रार नाही."

पेन थांबलं. "असं निकालात लिवत्यात?"

"मी सांगतोय ना."

"ह्याच्यावर अपील?" भरमाआप्पांनी विचारलं.

"नाही."

तिनं सावकाश लिहून काढलं. परशरामनं खाली सही केली, सहीखाली पूर्ण हुद्दा लिहिला आणि कागद तिच्याकडं दिला.

जयवंतानं तो भरमाआप्पांना वाचून दाखवला, शब्दाखाली बोट धरून, मागांच्या आवाजावर आवाज काढून. भरमाआप्पांना चांगलं ऐकू यायचं. तरी तिनं परत एकदा वाचला.