ऑइल खाली

"बाई, पूरं खाली?" गाडीखालून महेशचा आवाज आला.

"साहेबांचा निरोप तेवढाच आहे," सुरेखाबाई म्हणाल्या. "ऑइल खाली."

निरोप खरोखरच तेवढा होता. सकाळी नवऱ्यानं, वसंतराव सबनीसांनी, अंथरुणातूनच सांगितलं होतं, "महेश आला की म्हणावं, ऑइल खाली आहे, बघ." त्यांच्या मराठीत याचा अर्थ, पातळी जरा उतरली आहे. महेशचं घराणं शिरपूरकडचं, पण तो जन्मला सुरतेजवळच्या भेस्तानात. घरी अहिराणी, गॅरेजात गुजराती. त्याच्या लेखी खाली म्हणजे रिकामं. सुरतेच्या मराठी शाळेत सगळी नोकरी काढलेल्या बाईंना, तेही महेशच्याच बाईंना, हा फरक ठाऊक नाही असं म्हणणं धाडसाचं होतं. बाईंनी ते धाडस करायचं ठरवलं होतं.

"नवं टाकू का मग?"

"डबा वर आहे. दुसऱ्या कुणाला ओतू देतात का ते?"

हेही खरंच होतं. महेश हसला. हात पुसत बाहेर येऊन म्हणाला, "बाई, साहेबांना कहेजो हां, ऑइल टाकल्याबिगर सेल नाय मारायचा. इंजिन जशे."

"बरं," बाई म्हणाल्या. बरं म्हणजे सांगते असं नव्हे.

गाडी लाल, चौकोनी, जपानी. पेट्रोल गाड्यांना टर्बो नुकता बसू लागला होता त्या काळातली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर गरगरणारा पंखा. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर तो इंजिनात जादा हवा कोंबतो. बाहेर टाकलेली वाफ फुकट घालवायची नाही, तिचाच जोर करायचा, हे त्याचं तत्त्व. सुरेखाबाईंचंही तेच होतं.

या जुन्या टर्बोला थंड ठेवायला ऑइलशिवाय काही नाही. म्हणून घरी पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, दोन मिनिटं चालू ठेवायचं. नाहीतर आतलं ऑइल जळून कोळसा होतो. लग्न असो, बारसं असो, सबनीस कुटुंब मांडवाच्या दारात गाडीत बसून ही दोन मिनिटं पाळत असे. यजमानांना वाटे, भांडण चाललंय.

आणि पलसाणा. साक्रीला बाईंची आई शेवटच्या घटका मोजत होती. सुरत सोडून पलसाण्याला हायवेवर टर्बोच्या शिट्टीचा सूर बदलला म्हणून वसंतरावांनी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडून ते आत डोकं घालून उभे राहिले. धुळ्याची एसटी गेली. बाई म्हणाल्या, मी हिनं पुढे जाते. "पाचच मिनिटं गं." दुसरी गेली. संध्याकाळी साक्रीला पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. भावानं विचारलं, "दाजी, एवढा उशीर?" दाजींनी त्याला टर्बो समजावून सांगितला. आणि शेवटी म्हणाले, "पण गाडी वाचली."

त्या दिवसापासून सुरेखाबाईंना एकच हवं होतं, चूक झाली एवढं नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं. ते मिळेना तेव्हा त्यांनी मागणं बदललं. आता गाडी नको होती. पण वसंतराव तिला नजरेआड करत नसत. यंदा मोतीबिंदूनं नजरच आड केली. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, त्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू, वर काळा चष्मा. आणि रविवारी मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन. वसंतरावांना जागाही मिळाली होती.

महेश गेल्यावर, शनिवारी दुपारी ते भिंत चाचपत पार्किंगमध्ये आले आणि डाव्या बाजूला बसले.

"महेशनं बघितलं ना ऑइल?"

"बघितलं."

"मग मार सेल. मी ऐकतो."

बाईंनी किल्ली फिरवली. ऑइलचा लाल दिवा पेटला तो पेटलाच राहिला. तो दिसेल असा डोळा वसंतरावांकडे त्या दिवशी नव्हता.

"रेझ दे. शिट्टी ऐकू दे." बाईंनी पाय दाबला. शिट्टी आली, मग तिची किंकाळी झाली, आणि खालून टकटक सुरू झाली. वसंतराव ताठ झाले.

"बंद कर."

"दोन मिनिटं थांबा. एकदम बंद केलं की टर्बो जळतो."

"अगं, आत ऑइल नाहीये!"

"खाली आहे म्हणालात ना? महेशनं केलं खाली."

त्यांचा हात किल्लीकडे झेपावला. अर्ध्या वाटेवर थांबला. टकटक वाढत होती.

"पलसाणा?" त्यांनी विचारलं.

"पलसाणा," बाई म्हणाल्या. पाय तसाच होता.

हात माघारी जाऊन गुडघ्यावर बसला. थोड्या वेळानं आतून काहीतरी करकरलं, गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन आपणहून थांबलं. समोरच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी झाली.

रात्री जेवताना वसंतरावांनी फक्त मीठ मागितलं. बाईंनी दिलं. वाईट वाटतंय का हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. वाटत नव्हतं.

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार.

"कुठे?"

"मैदानावर. जागा दिलीय त्यांनी. रिकामी ठेवणं बरं दिसत नाही."

रिक्षानं गेले. मैदानावर चुन्यानं चौकोन आखले होते, त्यातल्या एकात पाटी: सबनीस, टर्बो. अलीकडे एक अँबॅसेडर, पलीकडे एक जीप, मधल्या चौकोनात वसंतराव उभे राहिले. सुरेखाबाई चुन्याच्या रेघेबाहेर.

लोक यायचे, पाटी वाचायचे, माणसाकडे बघायचे.

"काका, गाडी क्यां?"

"एन्जिन गयुं," वसंतराव शुद्ध सुरती थाटात सांगायचे.

"केम करीने?"

"वांक मारो. ध्यान नी आप्युं."

बाईंनी कान टवकारले. वांक मारो. दोष माझा. पुढच्यालाही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यालाही. आवाज तोच, हिशोब विचारल्यावर बँकेतला माणूस देतो तसा सरळ. इतकी वर्षं न सुटलेला शब्द परक्या भाषेत सुटत होता, परक्या माणसांपुढे, परक्या कारणासाठी.

ऐकायला बरं वाटत होतं. पण पुरेसं नव्हतं.

जीपपाशी एक कुटुंब आलं. नवरा बायकोला म्हणत होता, "अगं, ऊन लागतंय, टोपी घाल त्याला."

सुरेखाबाईंनी हात वर करून त्यांना बोलावलं. "अहो, मराठी ना तुम्ही? या, या इकडे. विचारा ना यांना, गाडी का नाही आणली ते."

मग त्या रेघेच्या आत आल्या आणि नवऱ्याच्या शेजारी, नीट ऐकू येईल अशा उभ्या राहिल्या.

वसंतरावांनी घसा साफ केला.