संगप्पा इंजिनिअरांचा लोखंडी गुडघा

संगप्पा धनशेट्टी सोलापुरातल्या एका कापड गिरणीत देखभालीचे इंजिनिअर होते. दिवसभर बिघडलेले माग दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन न बिघडलेल्या वस्तू सुधारायच्या, असा त्यांचा क्रम. त्यातही जीव दोनच ठिकाणी रमायचा, दवाखान्यात आणि मैदानात. हात थरथरणाऱ्या माणसांसाठी त्यांनी न सांडणारा चमचा केला होता. त्यातून आमटी खरंच सांडत नसे, कारण ती त्यात शिरतच नसे. उड्या आपोआप मोजणारी दोरी करून त्यांनी जवळच्या शाळेला दिली होती. ती एका उडीला तीन उड्या मोजायची, त्यामुळे मुलींमध्ये फार लोकप्रिय झाली. त्यांची बायको शिवम्मा या सगळ्याला 'ह्यांचं सामान' म्हणायची आणि पाहुणे येणार असले की पलंगाखाली ढकलायची.

१९७४ च्या दिवाळीनंतर अक्कलकोटहून रत्नम्मा राहायला आल्या. रत्नम्मा म्हणजे शिवम्माची आई आणि संगप्पांची सख्खी थोरली बहीण. भाचीशी लग्न करण्याची त्यांच्याकडे रीतच होती. त्यामुळे संगप्पांना रागवायचे रत्नम्मांकडे दोन हक्क होते, आणि त्या दोन्ही वापरायच्या.

त्यांचा उजवा गुडघा दुखत होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिने कमी चढा म्हणाले, आणि निघताना म्हणाले, "गुडघ्याला काहीतरी आधार द्या."

ते ऐकून संगप्पांचे डोळे चमकले. शिवम्मानं ते पाहिलं. नवऱ्याला ती 'अहो'ऐवजी कानडीतलं 'री' म्हणायची. ती तिथंच म्हणाली, "री, नुसती पट्टी बांधायची हाय. डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय."

आठ दिवसांनी वस्तू तयार झाली. दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये बिजागरी, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, आणि बाजूला भंगारात गेलेल्या मागाची एक जाडजूड स्प्रिंग. बसताना स्प्रिंग ताणली जाणार आणि उठताना तीच पाय सरळ करणार. माणसाला जोर लावायलाच नको.

"मागाचं सामान माझ्या पायाला?" रत्नम्मा म्हणाल्या.

"अक्का, माग दिवसाला हजारो ठोके खातो. त्यापुढं गुडघा म्हणजे काय?"

दुपारी जेवायच्या वेळी चाचणी झाली. रत्नम्मा गुडघ्याला ते यंत्र बांधून हळूहळू पाटावर बसल्या. स्प्रिंग ताणली गेली. शिवम्मानं ताट वाढलं, भाकरी मोडून दिली. अक्कांनी पहिला घास उचलला आणि पोटरीचा पट्टा जरासा सरकला. पाय असा काही सुटला की ताट समोरच्या भिंतीला लागलं, शेंगाची चटणी संगप्पांच्या चष्म्यावर आली आणि भाकरी माजघरात गेली.



"बेडप्पा, बेडा! नको रे बाबा!" रत्नम्मांनी हात जोडले. "काढ हे. माझा पाय हाय संगू, तुझा माग न्हाय!"

चष्मा पुसत संगप्पा म्हणाले, "जोर मात्र चांगला आहे."

यंत्र पलंगाखाली गेलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण गिरणीत ती कुणीतरी रंगवून सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी हिंदुराव जॉबर संगप्पांसमोर येऊन उभा राहिला. मंगळवेढ्याकडचा हा गडी विणाई खात्यात मुकादम होता आणि गिरणीच्या कबड्डी संघाचा सगळ्यात चांगला चढाईपटू होता. सरावात त्याचा गुडघा मुरगळला होता.

"साहेब, डाक्टर म्हनत्यात म्हैनाभर पळायचं न्हाय. आन् फायनल तर रईवारी हाय. त्यो तुमचा लोखंडी गुडगा मला द्या की."

"तो अजून प्रयोगात आहे, हिंदुराव."

"ताट भिताडापातूर गेलं म्हनं. मला तेवडंच पायजे."

आपली वस्तू कुणी मागून नेतंय, हे संगप्पांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ते विरघळले. त्यांनी पट्टे घट्ट केले, वरून कापड शिवून घेतलं आणि शनिवारी यंत्र त्याच्या हवाली केलं.

फायनल दुसऱ्या एका गिरणीशी होती. रविवारी मैदानाभोवती दोन्ही गिरण्यांचे कामगार उभे होते. शिवम्मा आली होती, आणि टांग्यातून रत्नम्माही आल्या होत्या. काय घडतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणून त्या पुढच्याच रांगेत बसल्या.

पहिल्याच चढाईत हिंदुराव वाकला, स्प्रिंग ताणली आणि तो हरणासारखा उडाला. दोन गडी बाद करून परत आला. संगप्पा खुर्चीवर उभे राहिले. अडचण दुसऱ्या चढाईला आली. संगप्पा बिजागरीला तेल द्यायला विसरले होते. हिंदुराव "कबड्डी, कबड्डी" म्हणायचा आणि मागोमाग गुडघा "कुर्रर, कुर्रर" म्हणायचा.

समोरच्या संघाचा कप्तान बिरप्पा, सांगोल्याचा दणकट माणूस, थेट पंचांकडे गेला. "सर, ह्याचा दम कवाच तुटलाय! कबड्डी ह्यो म्हनत न्हाय, ह्याचा गुडगा म्हनतोय!"

पंच म्हणजे एका शाळेचे कवायतीचे मास्तर होते. त्यांनी खेळ थांबवला, खाली बसून हिंदुरावच्या गुडघ्याला कान लावला आणि त्याला दोनदा उठाबस करायला लावली. मग गंभीरपणे निकाल दिला, "गुडघ्याचा आवाज दम म्हणून धरला जाणार नाही. तोंडाचा ऐकू आला पाहिजे." संगप्पांनी धावत जाऊन तेलाचे चार थेंब सोडले. खेळ पुढं सुरू झाला.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा गुण सारखे होते. हिंदुराव चढाईला गेला. या वेळी बिरप्पानं झेप घेतली आणि नेमका तोच पाय पकडला. हिंदुराव मध्यरेषेकडे ओढायला लागला, आणि बिरप्पाच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. स्प्रिंगच्या टोकाची आकडी कापड फाडून त्याच्या चड्डीच्या नाडीत अडकली होती. चड्डी निघाली असती, म्हणून त्यानं एक हात तिकडं नेला. ते बघून त्याच्या दोन गड्यांनी त्याला मागून धरलं. एकीकडून हिंदुराव ओढत होता, दुसरीकडून तिघं, आणि मध्ये मागाची स्प्रिंग ताणत चालली होती. "सोडा रं!" बिरप्पा ओरडला. त्या दोघांनी सोडलं नाही, पण त्यांचे पाय सुटले. चौघंही एकदमच मध्यरेषेपलीकडे जाऊन पडले.

शिट्टी वाजली. संगप्पांचे गिरणीवाले नाचायला लागले. तीन गडी बाद!

"मी ह्याला धरलंच न्हाय, सर," बिरप्पा जमिनीवरून म्हणाला. "ह्येनं मला धरलंय!"

"मग सोड."

"सुटत न्हाय!"

सगळ्यांनी टॉवेल धरून आडोसा केला आणि आत बसून संगप्पांनी पान्यानं बिरप्पाला मोकळं केलं. पंचांनी बराच विचार केला. अंगावर लोखंड घालून खेळता येत नाही, तेव्हा हिंदुरावचे सगळे गुण रद्द, असं त्यांनी जाहीर केलं. सामना गेला.

पण संगप्पांना त्याचं एवढं वाटलं नाही. त्यांनी यंत्र सोडलं तेव्हा हिंदुरावचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. स्प्रिंगनं दुखऱ्या पायाला दर वेळी हिसका दिला होता. "आसू द्या, साहेब," हिंदुराव हसत म्हणाला, पण टांग्यात चढवायला दोघांना त्याला उचलावं लागलं. दुखऱ्या पायाला नुसता जोर देऊन काय होईल, हे आपल्या डोक्यातच आलं नाही, या विचारानं संगप्पांना तोंड वर करवेना.

घरी आल्यावर ते ओसरीवरच बसून राहिले. रत्नम्मा भिंतीला धरून बाहेर आल्या आणि शेजारी बसल्या.

"संगू, त्या पोराचं कुटं दुखत हुतं?"

"गुडघ्यात."

"गुडघ्यात कुटं? आतनं का बाहेरनं? वाकताना का उठताना?"

संगप्पा स्वतःचाच गुडघा वाकवून बघायला लागले.

"बरं, माझं कुटं दुखतंय?"

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. तिच्या गुडघ्याचं माप त्यांनी चार ठिकाणी घेतलं होतं, पण हे त्यांना माहीत नव्हतं.

"कुठं दुखतं, अक्का?"

"वाटीच्या खाली, आतल्या अंगाला," रत्नम्मा म्हणाल्या. "बसायला काय होत न्हाय. उठताना गुडघा आत गेल्यागत होतो, तवा भ्या वाटतंय. थंडीत लई. आन् पायरी उतरताना." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आल्यापासून पैल्यांदा इचारलंस बघ."

त्या बोलत राहिल्या आणि संगप्पांनी पंचांगाच्या कोऱ्या पाठीवर सगळं लिहून घेतलं.

नव्या वस्तूत लोखंड नव्हतं. जाड कापडाचा पट्टा, वाटीपुरतं मधे भोक, आतल्या बाजूला कापसाची गादी, दोन्हीकडे बांबूच्या पातळ कामट्या आणि बांधायला नाड्या. पहिला पट्टा रत्नम्मांना टोचला. दुसरा घसरला. तिसऱ्यानं पायाला मुंग्या आल्या. चौथा त्यांनी न बांधताच परत केला, "ह्याचा रंग बघ की जरा!" शिवम्मा नवऱ्याला आत नेऊन म्हणाली, "री, साकु, पुरे करा आता," पण शिलाई तीच करत होती.

सातवा पट्टा बांधून रत्नम्मा सकाळी भाजी आणायला गेल्या, मंडईतून चालत परत आल्या, आणि चांगला म्हणून एक शब्दही बोलल्या नाहीत. फक्त संध्याकाळपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. शिवम्मानं नवऱ्याला डोळ्यानं खूण केली, पण संगप्पांनी ते कधीच पाहिलं होतं.

हिंदुराव महिनाभर घरी बसला. मग त्याच्या गुडघ्याच्या तक्रारी ऐकून घेऊन संगप्पांनी त्यालाही पट्टा करून दिला. पंचांनी तो दाबून, पिळून, हुंगून बघितला आणि परवानगी दिली. गल्लीतल्या बायका यायला लागल्या. रत्नम्मा ओसरीवर खुर्ची टाकून बसायच्या आणि एकेकीची चौकशी करायच्या. इंजिनिअर खाली बसून लिहून घ्यायचे. मधेच त्यांनी एखादी स्प्रिंग सुचवली, की अक्का नुसतं बघायच्या.

संक्रांतीनंतर त्या अक्कलकोटला निघाल्या. पिशवीत त्यांच्या आळीतल्या बायकांसाठी सहा पट्टे होते, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. एस.टी. सुटली आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"संगू! अजून दोन लागतील! गोजाबाईचा डावा हाय, उजवा न्हाय! आन् ती लई जाड हाय, नाड्या लांब लाव!"

"उठताना दुखतं का बसताना?" संगप्पा गाडीबरोबर पळत विचारत होते. "अक्का, उठताना का बसताना?"