थुंकीचं राज्य

मी कवळ्या बनवते. म्हणजे दिवसभर लोकांची तोंडं माझ्या टेबलावर येऊन पडतात. दातांचे डॉक्टर गुलाबी लगद्यात माप घेतात, ओल्या कागदात गुंडाळून आमच्याकडे पाठवतात, आणि त्यात कधी रक्त असतं, कधी दुपारच्या जेवणाचा तुकडा, आणि थुंकी तर असतेच. डॉक्टरांनी ते धुऊन पाठवायचं असतं. पाठवत नाहीत. बावीस वर्षं मी परक्या माणसांची वाळलेली थुंकी नळाखाली धरते आहे. लोक म्हणतात, सवय होते. मला झाली नाही, उलट किळस वाढतच गेली. घरी आल्यावर मी कोपरापर्यंत हात धुते, आणि शेजारी कुणी मिटक्या मारत जेवायला लागलं तर ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाते.

अशा बाईच्या आईनं एकाहत्तराव्या वर्षी ठरवलं, की आपण अद्भुत कादंबरी लिहायची. राजे, राक्षस, जादू, सगळं साग्रसंगीत. तिच्या नजरेतलं मधलं गेलं होतं, कडेचं तेवढं उरलं होतं. दाराची चौकट दिसायची आणि दारात उभं असलेलं माणूस दिसायचं नाही. कडाही जातील, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्ष, फार तर दीड वर्ष.

मी म्हटलं, "आई, गाणी ऐक. नसती उठाठेव कशाला?"

"गाणी दुसऱ्यांची आहेत," ती म्हणाली. "मला माझं काहीतरी ठेवून जायचंय. कुणाच्या तरी हातात धरता येईल असं."

तेव्हा तिचं नाव क्लासात घातलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून लेखनिक म्हणून माझंही घातलं. बारा रविवार, सकाळी दहा ते बारा, 'अद्भुत कादंबरी लिहायला शिका'.

क्लास भरायचा नाच शिकवतात त्या हॉलमध्ये. दोन भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत आरसे, आणि आदल्या दिवशीच्या मोज्यांचा वास. शिकवणारे गृहस्थ तीन खंडांच्या कादंबरीचे लेखक होते. बोटात ड्रॅगनची अंगठी घालायचे, म्हणून मी त्यांचं नाव ड्रॅगनमास्तर ठेवलं. त्यांना पान उलटताना बोट जिभेला लावायची खोड होती. प्रत्येक पानाला. मी त्यांच्याकडून परत आलेले कागद चिमटीत धरून पिशवीत टाकायचे.

पहिल्या रविवारी त्यांनी सगळ्यांना नकाशे काढायला लावले. दुसऱ्या रविवारी फळ्यावर लिहिलं: जादूला नियम हवा, जादूला किंमत हवी, आणि कामाशिवाय पात्र नको. मग एकेकाला विचारलं, तुमच्या राज्यात जादू कशात आहे? विमा एजंट म्हणाला, तलवारीत. औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, सात चंद्रांत. प्रत्येकजण असं काही सांगत होता, जे मी आधी कुठंतरी शंभरदा पाहिलं होतं, आणि सांगताना आरशात स्वतःकडे बघत होता.

"थुंकीत," आई म्हणाली.

हॉलमध्ये खसखस पिकली. आई मात्र भाजी कशी करायची ते सांगावं तशी सांगत राहिली. तिच्या राज्यात माणूस जे बोलत नाही ते वाया जात नाही, ते थुंकीत उतरतं. राजाची वाचा गेली आहे. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून सारखी लाळ गळते. राणी रोज सकाळी त्याची हनुवटी फडक्यानं पुसते, ते फडकं आपल्या जिभेला लावते, आणि राजाला काय म्हणायचं होतं त्यातला एक शब्द तिला कळतो. किंमत अशी, की त्याचा एक शब्द कळला की तिचा स्वतःचा एक जातो.

"आजी, वाचक जरा तोंड वाकडं करतील," ड्रॅगनमास्तर म्हणाले. "पण किंमत चांगली आहे. लिहा, बघू."

वाचक नंतरची गोष्ट, माझंच तोंड वाकडं झालं होतं.

इथं एक सांगून टाकते. माझे बाबा अर्धांगवायूनं तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि त्यांची वाचा गेली होती. आई त्यांचं सगळं करायची. मी रोज संध्याकाळी दारापर्यंत जायचे, "काही आणायचंय का?" विचारायचे आणि निघायचे. दिवसभर लोकांची थुंकी बघून आलेय, घरी पुन्हा तेच मला बघवत नाही, असं मी आईला सांगितलं होतं. ते खरंही होतं. तरी तीन वर्षांत मी एकदाही त्या खोलीत बसले नाही, हेही तितकंच खरं आहे.

लिहायचं काम शनिवारी दुपारी चालायचं. आई खिडकीपाशी खुर्चीत, मी टेबलापाशी वही घेऊन. ती सांगायला लागली की थांबायची नाही. झोपलेल्या राक्षसाच्या तोंडातून वाहणारी नदी, तिच्यावर होड्या चालवणारे नावाडी, तिचं पाणी चाखून जुनी भांडणं मिटवणारे म्हातारे. एक राजकन्याही होती. ती काचेच्या मनोऱ्यात राहायची, सारखे हात धुवायची, प्रत्येक प्रकरणात एकदा राजाच्या दारापर्यंत यायची आणि परत जायची. मी लिहीत होते आणि मला शिसारी येत होती, थुंकीची आणि त्या राजकन्येचीही.

पहिल्या शनिवारी मी एका शब्दापासून सुरुवात केली. 'थुंकी' असं लिहायला हातच धजेना, म्हणून 'अश्रू' लिहिलं. वाटलं, काय फरक पडतो, डोळ्यांतलं काय आणि तोंडातलं काय, पाणीच ना.

आमच्या धंद्यात कवळी तयार झाली की वरच्या आणि खालच्या दातांमध्ये निळा कागद ठेवून जबडा मिटवून बघतात. जिथं जास्त निळं उमटेल ती जागा उंच, ती घासायची. पुन्हा कागद, पुन्हा घासायचं, कुठंच काही टोचेनासं होईपर्यंत. माझा हात त्यात मुरलेला आहे. आईचं वाक्य मी तसंच मनात मिटवून बघायचे, आणि मला जिथं टोचेल तिथं घासायचे. अश्रूंनी फडकं ओलं होणं फार रडकं वाटायला लागलं, तेव्हा अश्रूंचं चांदणं केलं. राजाच्या ओठांवर चांदणं उमटतं आणि राणी ते रेशमी वस्त्रानं टिपते. नदीचंही चांदणं केलं. म्हाताऱ्यांना कामावरून कमी केलं. राजकन्येला तर दुसऱ्याच प्रकरणात काढून टाकलं. कामाशिवाय पात्र नको, असं मास्तरांनीच सांगितलं होतं.

एकदा एका गिऱ्हाईकानं माझी कवळी परत पाठवली होती. एक दात बोचत नव्हता, हिरडीला लागत नव्हतं, काही तक्रार नव्हती. चिठ्ठीत एवढंच होतं, की दात फार सरळ आहेत, घरात कुणी ओळखत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या चिठ्ठीवर दात काढले होते. माझ्या हातून असली चूक पुन्हा होईल हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

चौथ्या प्रकरणापर्यंत माझी भीड पार चेपली होती. आई बोलत असायची आणि माझं पेन भलतंच लिहीत असायचं. आवाज कानांवर पडू द्यायचा आणि मनात शिरू द्यायचा नाही, हे मला बाबांच्या खोलीच्या दारात उभं राहून चांगलं जमलेलं होतं. पेन वाजायचं थांबलं की आई विचारायची, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग पुढं."

तिच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्यासारखं काहीतरी यायचं, आणि ती पुढं जायची. सहा प्रकरणं झाली. एवढी खूश मी तिला बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. ती शेजारणीला सांगायची, माझं पुस्तक होतंय, माझी लेक लिहून घेतेय. शेजारीण माझं कौतुक करायची आणि मी ते ऐकून घ्यायचे. कोडगेपणाची कमाल होती.

आठव्या रविवारी मास्तरांनी जाहीर केलं, की आज सगळ्यांच्या वह्यांतून निवडलेलं एक प्रकरण ते वाचून दाखवणार, लेखकाचं नाव शेवटी सांगणार. त्यांनी बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. पहिल्याच वाक्याला मी ओळखलं, वही आमची होती.

"मौनाच्या महालात," त्यांनी भरल्या आवाजात सुरू केलं, "राजाच्या ओठांवर चांदणं उमललं."

वर्ग माना डोलवत होता. औषधवाल्या बाईंनी डोळे मिटले होते. ते सगळं किती गुळगुळीत होतं हे मला त्या आवाजात पहिल्यांदा ऐकू आलं. चांदणं, रेशीम, मौन, पुन्हा चांदणं. कुठंही काही टोचत नव्हतं. मला वाटत होतं उठावं आणि ती वही मास्तरांच्या हातातून हिसकून घ्यावी, पण मी बसून राहिले.

आई लक्ष देऊन ऐकत होती. थोड्या वेळानं माझ्याकडे झुकली.

"ही कोण लिहिते गं?"

"ऐक ना," मी म्हटलं.

तिनं आणखी एक पान ऐकलं. मग तोंडाशी हात धरून, दुसऱ्यांच्या लिखाणाला नावं ठेवू नयेत अशा बेतानं, हळूच म्हणाली, "छान आहे. पण फार स्वच्छ आहे बाई. हिनं कधी कुणाचं काही पुसलेलं दिसत नाही."

मास्तरांनी वही मिटली. "इतकं तरल लिखाण मला या क्लासात आजवर मिळालं नव्हतं," ते म्हणाले. "आणि हे लिहिलंय आपल्या आजींनी."

टाळ्या पडल्या. दोन्ही भिंतींवरच्या आरशांतले लोकही टाळ्या वाजवायला लागले. आईनं मान जराशी वाकडी केली. समोरचं माणूस बघायचं असेल तर तिला तसंच करावं लागतं, डोळ्याच्या कडेत घ्यावं लागतं. तिनं मला कडेत घेतलं आणि बराच वेळ बघितलं. तिला माझा चेहरा किती दिसला असेल कोण जाणे. मला वाटलं, आता ती सांगणार, आणि सांगितलं तर बरंच होईल.

"आजी, बोला ना काहीतरी," मास्तर म्हणाले.

आई खुर्चीच्या हाताला धरून उठली. "हो, माझंच आहे," ती म्हणाली. "मुलगी लिहून घेते. तिचं अक्षर चांगलं आहे."

मापांना चिकटलेलं काय काय मी आजवर पाहिलंय, पण त्या क्षणी मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी कशाचीच कधी आली नाही. ती राजकन्या कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच तिला काढलं होतं.

घरी येताना आईनं फक्त "पायरी आहे का?" एवढंच विचारलं, दोनदा. घरी आल्यावर तिनं चपला जागेवर ठेवल्या, पाणी प्यायली आणि खिडकीपाशी जाऊन बसली. मी कोरी वही घेतली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. हात धुवायचे राहिले होते.

"आई, चुकलं माझं," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. जसंच्या तसं लिहिते. थुंकी म्हणालीस तर थुंकी लिहिते."

"कधीपासून बदलत होतीस?"

"पहिल्यापासून."

"सगळं?"

"सगळं."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती हाताची बोटं एकेक करून दाबत बसली.

"अगं, पण आता ते माझ्याजवळ कुठंय?" ती म्हणाली. "तू 'लिहिलं' म्हणालीस की मी ते सोडून द्यायचे. एवढं सगळं धरून ठेवून पुढचं कसं सुचणार? म्हटलं, वहीत आहे."

"जेवढं आठवेल तेवढं सांग."

तिनं डोळे मिटले. "एक राजा होता. त्याची वाचा गेली होती. राणी रोज सकाळी फडकं घेऊन यायची." मी लिहिलं. प्रत्येक शब्द लिहिला. "पहिल्या दिवशी तिनं त्याची हनुवटी पुसली, फडकं जिभेला लावलं, आणि तिला त्याचा पहिला शब्द कळला."

ती थांबली.

"कुठला शब्द, आई?"

"तेच तर आठवत नाहीये. फार दिवस शोधून काढला होता मी तो. सुचला तेव्हा मला रडू आलं होतं." तिनं मान वाकडी केली आणि मला पुन्हा कडेत घेतलं. "तुला सांगितला होता ना मी? तू तर समोरच होतीस. आठव बरं."

जुन्या वहीत त्या शब्दाच्या जागी मी चांदणं लिहून ठेवलं होतं. मी आठवायला लागले. तो शनिवार आठवला. पंख्याचा कुरकुर आवाज आठवला. शाई संपत आली म्हणून मी मध्येच पेन बदललं होतं, ते आठवलं. तिनं तो शब्द उच्चारला तेव्हा मी नाक मुरडलं होतं आणि तिला ते दिसलं नव्हतं, एवढं अगदी स्पष्ट आठवलं. शब्द आठवला नाही.