सान इसिद्रोचं वजन

सान इसिद्रो गावात वर्षातून एकदा आठ धडधाकट गडी खोटंखोटं कण्हायचे, आणि अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं.

गावाला ज्याचं नाव, त्या शेतकऱ्यांच्या संताच्या मूर्तीची मे महिन्यात मिरवणूक निघाली, की हे आठजण पालखी खांद्यावर घ्यायचे आणि "आई गं, मेलो रे" करत तळ्यापर्यंत जायचे. सगळ्यात झकास कण्हायचा तो गावचा मुखिया, ताता अंब्रोसिओ. त्याचं ऐकून म्हाताऱ्या बायका शालीनं डोळे पुसायच्या.

खरं तर संताला वजन म्हणावं असं नव्हतंच. गावात जिला सगळे मानानं 'नना' म्हणायचे, त्या म्हाताऱ्या सबिना कुइरिसनं तो मक्याच्या ताटांचा गाभा कुटून, रानातल्या कंदांच्या चिकात मळून घडवला होता. स्पॅनिश लोक यायच्या आधी इथल्या राजाच्या फौजा देव पाठीवर घेऊन लढायला जायच्या, म्हणून देव हलका करायची ही जुनी हातोटी. वरून असा काही रंग चढवलेला, की बघणाऱ्याला वाटावं भरीव लाकूड!

पण स्पॅनिश लोकांचे संत ओकच्या जड लाकडाचे. शेजारच्या बेर्मुदो जमीनदाराचा संत समुद्रापलीकडून आला, तेव्हा त्याच्या ओझ्यानं बैलगाडीचा आस मोडला होता. मग आपलाच संत तेवढा पोरासारखा काखेत मावणारा? छे छे, चारचौघांत कसं दिसेल ते! म्हणून हे कण्हणं.

"अरे मेल्यांनो, हलका केला ही माझी कारागिरी, का माझी चूक?" सबिना दरवर्षी भांडायची.

"नना, गावाच्या मानाचा प्रश्न आहे," अंब्रोसिओ म्हणायचा आणि खांदा चोळायचा. चोळायचं काय होतं त्यात, देव जाणे.

त्या वर्षी मात्र सबिनाला भांडायचीही शुद्ध नव्हती. ओढ्याकाठच्या तिच्या शेतावर बेर्मुदोनं हक्क सांगितला होता. त्याची गुरं तिथला कोवळा मका आधीच खाऊन गेली होती. आता त्याला जमीनही हवी होती. शेत गेलं, तर सबिनाला त्याच्याच घरी भाकऱ्या भाजायला जावं लागणार होतं. नवरा मार्सियल गेल्यापासून त्या शेताखेरीज तिला होतं कोण?

स्पेनच्या राजाचा नवा कायदा असा: देवळापासून चहूबाजूंना ठरलेल्या लांबीची दोरी टाकायची, दोरी पोचेल तेवढी जमीन गावाची. मोजणीसाहेब खेचरावरून उतरला आणि त्यानं विचारलं, "देऊळ कुठंय?"

अंब्रोसिओनं ढिगाऱ्याकडं बोट केलं. भूकंपात छप्पर कोसळलं होतं. संत अंगणात गवती मांडवाखाली उभा होता.

"पडक्या भिंतींना देऊळ म्हणायचं?" बेर्मुदो मिशीत हसला.

"संत आहे तर देऊळ आहे. संत उभा आहे तिथून मोजा," साहेब कंटाळून म्हणाला.

दोरी टाकली. ती टेकडी उतरली, निवडुंगाच्या कुंपणापाशी आली आणि संपली. सबिनाचं शेत कुंपणापलीकडे होतं. बेर्मुदोनं तर टोपी काढून साहेबाचे आभारही मानून टाकले.

सगळे मांडवाकडे परत आले. साहेब शाई काढायला लागला, तशी सबिना पुढं झाली.

"साहेब, संत दुसरीकडं उभा असता तर?"

"तर तिथून मोजलं असतं."

बेर्मुदो खो खो हसला. "म्हातारे, तुझ्या संताला उचलताना आठ बैलांसारखे गडी कसे रडकुंडीला येतात, ते मी दरवर्षी बघतो. उचल ना तू! एकटीनं उचल, आणि ठेवशील तिथून मोजू दे. माझी शपथ लिहून घ्या, साहेब, जरा करमणूक होईल."

साहेबालाही करमणूक हवीच होती. त्यानं लिहिलं, बेर्मुदोनं ऐटीत सही ठोकली.

अंब्रोसिओनं सबिनाची शाल ओढली. "नना, नको गं. आमची अब्रू जाईल."

"तुझं कण्हणं मोठं, की माझं शेत?"

तो ओशाळला. बाजूला झाला आणि स्वतःच मांडवाचा पडदा वर धरून उभा राहिला.

सबिनानं संताला नमस्कार केला, कमरेत हात घातला आणि तान्ह्या लेकरासारखं कडेवर घेतलं. बेर्मुदोच्या हातातला चाबूक गळून पडला. ती टेकडी उतरू लागली. मागून अंब्रोसिओच्या तोंडून सवयीनं "आई गं" निघालं, आणि अख्खं गाव फिस्सकन हसलं. त्यात साहेबही आला.

"फसवणूक! ही चेटकीण आहे!" बेर्मुदो ओरडत मागं धावला.

"शपथ तुमची, सही तुमची," साहेब म्हणाला. "चला आता मुकाट्यानं."

कुंपणातल्या फटीतून सबिना आडवी होऊन गेली, आधी संत, मग ती. शेताच्या मधोमध, गुरांनी तुडवलेल्या सऱ्यांमध्ये तिनं त्याला उभं केलं. दोरी पुन्हा पडली. ती ओढा ओलांडून बेर्मुदोच्या कुरणातही चांगली आत शिरली. बेर्मुदो घोड्यावर बसला आणि कोणाकडंही न बघता निघून गेला.

"पण बाई, इथंच का?" साहेबानं विचारलं. "आणखी पुढं नेला असतास, तर त्याचे गोठेसुद्धा तुमचे झाले असते."

सबिनानं संताच्या पायाची माती झटकली. "मला काय करायचेत त्याचे गोठे? मार्सियलनं शेवटचा पेरा इथं केला, साहेब. कापणीला तो राहिला नाही. ती ताटं माझ्यानं जाळवेनात, गुरांपुढं टाकवेनात. त्यांचाच हा संत केला."

एवढं बोलली आणि शाल तोंडाला लावून हमसाहमशी रडली. साहेबानं टोपी काढली.

जरा वेळानं अंब्रोसिओ हळूच जवळ आला. "नना, ऊन चढलंय. उचलून मांडवात नेऊ का?"

"हात लावू नकोस," सबिना नाक पुसत म्हणाली. "मांडव इकडं आण."

आठही गडी टेकडी चढून गेले आणि मांडव खांबांसकट उपटून घेऊन आले. खांब चांगलेच जड होते, पण त्या दिवशी कोणी कण्हलं नाही.